रोजच्या वापरासाठी एकच घड्याळ: अ‍ॅक्वा टेरा की स्नोफ्लेक? (प्रकल्प नोंदी)

३ एप्रिल: काय ठरवायचं आहे

एकच घड्याळ घ्यायचं आहे. सोमवार ते शुक्रवार मनगटावर, शनिवार-रविवार टेबलावर. दिवसातले आठ-नऊ तास लॅपटॉपसमोर. वर्षातून तीन-चार वेळा वेगळ्या टाइम झोनमध्ये प्रवास. पोहणं कधीतरी, डायव्हिंग नाही. मनगटाचा घेर १६८ मिमी, वरची सपाट रुंदी कॅलिपरने ५४ मिमी.

यादी छाटत दोन नावं उरली:

ओमेगा सीमास्टर अ‍ॅक्वा टेरा १५०एम, ४१ मिमी, स्टील. २०१७ ला आलेली पिढी, म्हणजे डायलवर आडव्या रेषा आणि तारीख ६ च्या जागी (आधीच्या पिढीत रेषा उभ्या, तारीख ३ ला). आत कॅलिबर (म्हणजे यंत्रणा) ८९००. पट्टा बटरफ्लाय क्लास्पचा (मधोमध दोन्हीकडे उघडणारं बकल).

ग्रँड सेइको एसबीजीए२११, सगळे ज्याला ‘स्नोफ्लेक’ म्हणतात ते. ४१ मिमी, टायटॅनियम, आत स्प्रिंग ड्राइव्ह ९आर६५ (चावीवर चालणारी, पण क्वार्ट्झने वेळ राखणारी यंत्रणा). हेही २०१७ चंच. डायलवरून सेइकोचं नाव काढून फक्त ग्रँड सेइको ठेवलं तेव्हाचं. २००५ च्या एसबीजीए०११ चा हा पुढचा अवतार.

दोन्ही दुकानाच्या काचेखाली उत्तम दिसतात, त्यामुळे ‘कुठलं सुंदर’ हा प्रश्न यादीत नाही. रोज वापरताना काय खटकेल, एवढंच शोधायचं आहे. दोन्ही घड्याळं महिनाभर हाताशी आहेत, तेवढ्यात उरकायचं.

४ एप्रिल: कागदावरची मापं

दोन्हींचा व्यास ४१ मिमी, पण व्यासावरून घड्याळ मनगटावर कसं बसेल ते कळत नाही. बघायची ती लग-टू-लग लांबी: पट्टा अडकतो त्या वरच्या शिंगाच्या टोकापासून खालच्या शिंगाच्या टोकापर्यंत. अ‍ॅक्वा टेरा ४७.९ मिमी, स्नोफ्लेक ४९ मिमी. मनगटाच्या ५४ मिमी सपाट भागाशी ताडून पाहिलं तर पहिलं सुमारे ८९ टक्के, दुसरं सुमारे ९१ टक्के. शिंगं मनगटाबाहेर लोंबत नाहीत तोवर ठीक, म्हणजे दोन्ही पास. ५० मिमीपेक्षा कमी सपाट भाग असणाऱ्याने मात्र स्नोफ्लेक हातात घालून पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत. मोजताना टेप गुंडाळू नका. घेर सारखाच असलेली दोन मनगटं, एक चपटं आणि एक गोल, घड्याळ अगदी वेगळं वागवतात.

जाडी: १३.२ विरुद्ध १२.५ मिमी. शर्टाच्या घट्ट कफखाली दोन्ही अडतात. कफचं बटण दोन-तीन मिमी सरकवून लावणं हाच उपाय, आणि तो दोन्हींना सारखाच लागू.

वजनात खरा फरक आहे. टायटॅनियमची घनता ४.५ च्या आसपास, स्टीलची ८ च्या जवळ. स्नोफ्लेकचं वजन पूर्ण पट्ट्यासह १०० ग्रॅम. अ‍ॅक्वा टेरा उचललं की फरक लगेच कळतो, मनगटावर मात्र तो तासाभराने कळतो. जड घड्याळ वाईट नसतं. जड घड्याळ सैल असेल तर वाईट: डोकं बाहेरच्या बाजूला घसरतं आणि दिवसभर ते सरळ करत बसावं लागतं. म्हणून वजनाचा निकाल पट्टा नीट बसवल्यावर.

५ एप्रिल: पट्टा बसवणं (सगळ्यात जास्त वेळ इथे गेला)

या दोन घड्याळांची सर्वात मोठी उणीव एकच आणि सामायिक आहे: क्लास्पमध्ये बारीक समायोजन नाही. या किमतीत ही गोष्ट पटत नाही. ट्यूडरच्या ‘टी-फिट’ क्लास्पमध्ये पाच पायऱ्यांत मिळून ८ मिमी कमी-जास्त करता येतं, तेही हत्याराशिवाय. इथे मात्र कडी घाला किंवा काढा, मधलं काही नाही.

त्यामुळे आधी मनगटाचा दिवसभराचा फरक मोजला. कागदाची १० मिमी रुंद पट्टी, मनगटाच्या हाडाच्या कोपराकडच्या बाजूला गुंडाळून पेनाची खूण. सकाळी ७ ला १६६ मिमी, दुपारी २ ला १६९, पंधरा मिनिटं भरभर चालून आल्यावर १७२. म्हणजे सहा मिलिमीटर. पट्टा सकाळच्या मापाचा केला तर दुपारी वळ उमटतात, दुपारच्या मापाचा केला तर सकाळी घड्याळ फिरतं.

वापरलेली पद्धत:

१. पट्टा दुपारच्या मापावर बसवायचा, सकाळच्या नाही. दुकानात सकाळी वातानुकूलित खोलीत मापं घेतली जातात. ‘घरी आल्यावर घट्ट झालं’ ही तक्रार बहुतेकदा तिथूनच सुरू होते.

२. क्लास्प मनगटाच्या तळाशी मधोमध यायला हवा. ६ च्या बाजूच्या आणि १२ च्या बाजूच्या कड्या सारख्या काढल्या तर तो बहुधा मधोमध येत नाही. मनगट वरून-खालून सममित नसतं, त्यामुळे एका बाजूला एखादी कडी जास्त ठेवावी लागते. इथे दोन्ही घड्याळांवर ६ च्या बाजूची एक कडी जास्त निघाली.

३. पूर्ण कडीने सैल आणि काढली की घट्ट, असं झालं तर अर्धी कडी. घेतानाच विचारा: अर्धी कडी डब्यात आहे का, पट्ट्यात आधीच बसवलेली आहे का, नसेल तर मागवता येईल का. नंतर ती शोधणं कटकटीचं.

४. घट्टपणाची परीक्षा: क्लास्प बंद करून करंगळी आत सहज जावी, पण अडकून राहावी. हात खाली सोडून झटकला तर घड्याळ मनगटाच्या हाडावर चढू नये.

कड्या स्वतः काढणार असाल तर आधी भिंगातून कडीची बाजू बघा. खाच दिसली तर स्क्रू, नुसती गोल टोकं दिसली तर पिन. स्क्रूसाठी पात्याची जाडी खाचेत पूर्ण भरेल असा स्क्रूड्रायव्हर हवा, नाहीतर खाचेचे काठ फाटतात. स्क्रू हलत नसेल तर जोर वाढवू नका. त्यावर घट्ट धरणारा द्रव लावलेला असतो. गरम हवेच्या झोताने तो मऊ पडतो. पिन असेल तर कडीच्या आतल्या बाणाच्या दिशेने ठोकायची, आणि मधे इवलीशी नळी असू शकते हे आधीच लक्षात ठेवायचं. ती जमिनीवर पडली की संपलंच. खाली पांढरा कपडा अंथरा.

टायटॅनियमच्या आट्यांशी घाई नको. हा धातू स्वतःवरच घासला की चिकटून बसतो. स्क्रू परत लावताना आधी उलट्या दिशेने हलके फिरवायचा. आटे जागेवर ‘टक’ बसल्याचं बोटाला जाणवतं, मग सुलट फिरवायचा. हीच सवय स्क्रू-डाउन क्राउनलाही (आट्यांनी घट्ट बसणाऱ्या, किल्ली देण्याच्या बटणालाही) लावा, घड्याळ कुठलंही असो.

आजचा निकाल: अर्ध्या कड्यांसह दोन्ही बसली. दुपारच्या मापावर ठेवूनही स्नोफ्लेक सकाळी फिरत नाही, कारण फिरायला वजनच कमी. अ‍ॅक्वा टेरा सकाळचा पहिला तासभर बाहेरच्या बाजूला झुकतं.

६ एप्रिल: वेळ मोजायची पद्धत

अ‍ॅक्वा टेराला ‘मास्टर क्रोनोमीटर’ प्रमाणपत्र आहे. यंत्रणा आधी सीओएससी या स्विस तपासणी संस्थेकडे १५ दिवस तपासली जाते (मर्यादा दिवसाला −४ ते +६ सेकंद), मग पूर्ण घड्याळ स्विस मेट्रॉलॉजी संस्थेच्या, म्हणजे मेटासच्या, आठ चाचण्यांतून जातं. तिथली मर्यादा ० ते +५. मागे पडणं मान्यच नाही. सहा वेगवेगळ्या स्थितींत, पूर्ण चावीवर आणि ३३ टक्के चावीवरही तपासतात. ही शेवटची गोष्ट रोजच्या वापराला महत्त्वाची, कारण टेबलावर बसून काम करणाऱ्याचं ऑटोमॅटिक घड्याळ पूर्ण भरलेलं क्वचितच असतं.

९आर६५ साठी सांगितलेली मर्यादा महिन्याला ±१५ सेकंद, दिवसाला सुमारे ±१. यात बॅटरी नाही. मुख्य स्प्रिंगच सगळं चालवते, पण शेवटच्या चाकाला ब्रेक लावते ती ३२,७६८ हर्ट्झच्या क्वार्ट्झ स्फटिकाशी ताडून पाहणारी चिप. नेहमीची टिकटिक करणारी यंत्रणा, म्हणजे बॅलन्स आणि एस्केपमेंट, इथे नाहीच. हे शेवटचं चाक, म्हणजे ग्लाइड व्हील, सेकंदाला आठ फेरे घेतं आणि सेकंदकाटा न थबकता सरकतो. ८९०० मध्ये कंपनं तासाला २५,२००, म्हणजे काटा सेकंदाला सात बारीक पावलं टाकतो.

मोजायचं असं: घड्याळ हॅक करून (क्राउन शेवटपर्यंत ओढला की सेकंदकाटा थांबतो) नेटवर्कशी जुळलेल्या फोनच्या घड्याळाला मिळवायचं. मग दोन्ही एका चौकटीत धरून स्लो-मोशन व्हिडिओ, दोन-तीन सेकंदांचा पुरे. फरक फ्रेम मोजून काढायचा, डोळ्यांनी नाही. रोज त्याच वेळी. घड्याळ मनगटावर किती तास होतं आणि रात्री कुठल्या कुशीवर ठेवलं तेही लिहायचं. त्याशिवाय यांत्रिक घड्याळाच्या आकड्याला अर्थ नाही.

टाइमग्राफर (टिकटिक ऐकून चाल मोजणारं यंत्र) वापरणाऱ्यांसाठी दोन सूचना. ८९०० ला लिफ्ट अँगल (यंत्रात भरायचा कोन, घड्याळाच्या यंत्रणेप्रमाणे वेगळा) ३८ अंश ठेवा. यंत्राचा नेहमीचा ५२ तसाच राहिला तर बॅलन्सच्या झोक्याची खरी २७० अंशांची अ‍ॅम्प्लिट्यूड ३७० च्या आसपास दिसेल आणि उगाच घाबरायला होईल. रेट, म्हणजे दिवसाला पडणारा फरक, मात्र लिफ्ट अँगलने बदलत नाही. दुसरी सूचना: स्प्रिंग ड्राइव्ह टाइमग्राफरवर ठेवूच नका. ऐकायला टिकटिकच नाही. ‘सिग्नल येत नाही, घड्याळ बिघडलं’ असा निष्कर्ष काढणारे भेटतात.

आजपासून शुक्रवारपर्यंत अ‍ॅक्वा टेरा मनगटावर.

१० एप्रिल

चार दिवसांत +९ सेकंद. दिवसाला सव्वादोन, मर्यादेत. रात्री डायल वर करून ठेवलं होतं. क्राउन वर करून उभं ठेवल्यावर हा आकडा थोडा हलला असता. कुठल्या कुशीवर किती हलतो ते प्रत्येक नगाचं वेगळं, आपल्या नगाचं शोधून ठेवलं की रात्रीच्या रात्री एखादा सेकंद परत मिळवता येतो.

सायंकाळी ७ वाजता काढून ठेवलं. चावी मुद्दाम भरली नाही.

१३ एप्रिल: शुक्रवार ते सोमवार

शुक्रवारी सायंकाळी ७ ते सोमवारी सकाळी ८, म्हणजे ६१ तास. ८९०० ची क्षमता ६० तास. हा एका तासाचा विनोद कुणीतरी मुद्दाम केल्यासारखा आहे. अर्थात ६० तास पूर्ण भरलेल्या चावीचे; दिवसभर खुर्चीत बसलेल्या मनगटाने स्प्रिंग काठोकाठ भरलेली नसते. सकाळी घड्याळ बंद, काटे ३ वाजून १० मिनिटांवर. म्हणजे ५६ तास चाललं.

मग पुन्हा लावण्याचा खटाटोप. ८९०० मध्ये तारीख झटपट बदलायची वेगळी सोय नाही. क्राउन उघडून पहिल्या खेचीला तासकाटा एकेक तास उडी मारतो, मिनिट आणि सेकंद काटे चालूच राहतात. तारीख या तासकाट्याच्या मागे मागे जाते, पुढेही आणि मागेही. प्रवासात ही सोय अप्रतिम: फरक पूर्ण तासांचा असेल तर विमानात बसल्या बसल्या चार टिचक्या, वेळ बदलली, सेकंदाचाही फरक नाही. पण घड्याळ आठवडाभर कपाटात बंद पडलं असेल तर सात दिवस गुणिले २४, म्हणजे १६८ टिचक्या. आज सोमवारी पहाटेच थांबलं होतं, त्यामुळे तारीख बरोबर होती आणि फक्त वेळ लावावी लागली. दोन मिनिटांचं काम, पण सोमवारी सकाळचं.

पर्याय दोन. रविवारी सकाळी वीसेक वेळा किल्ली फिरवायची. किंवा शनिवारी दोन तास घालायचं. पहिल्यात क्राउन वर्षाला पन्नास वेळा उघडायचा-मिटायचा आला. आट्यांना त्याने लगेच काही होत नाही, पण बंद करताना हात तिरका पडायचे तेवढे प्रसंग वाढतात. दुसरा पर्याय बरा.

आजपासून स्नोफ्लेक मनगटावर.

१४ एप्रिल: ३८ मिमीचं काय?

‘मग अ‍ॅक्वा टेरा ३८ घ्या, तारीख झटपट बदलते’ हा सल्ला हमखास येतो. खरा आहे, पण अर्धा. ३८ मिमीमध्ये यंत्रणाच वेगळी, ८८००. तारीख झटपट बदलते, पण तासकाट्याची उडी गेली आणि चावी ५५ तासांवर आली. लगमधली रुंदी २० ऐवजी १९ मिमी, म्हणजे बाजारातले निम्मे पट्टे बाद. नुसतं लहान माप म्हणून बघू नये. प्रवासाच्या अटीमुळे इथे ४१ च राहतं.

१५ एप्रिल: चुंबक

मास्टर क्रोनोमीटरची १५,००० गॉसची (गॉस हे चुंबकी क्षेत्राचं माप) चाचणी, म्हणजे १.५ टेस्ला. ८९०० ने हे मऊ लोखंडाच्या आतल्या डबीने साधलेलं नाही. सिलिकॉनची बॅलन्स स्प्रिंग आणि चुंबकाला दाद न देणारे मिश्रधातू वापरून साधलं आहे. म्हणूनच मागे पारदर्शक काच ठेवता आली.

स्नोफ्लेकची मर्यादा ४,८०० अँपिअर प्रति मीटर. हवेत ते सुमारे ६० गॉस. चुंबकी वस्तूपासून ५ सेंटीमीटर दूर ठेवा, असं या वर्गाच्या घड्याळांना सांगितलेलं असतं. ऐकायला सोपं. आता टेबलावर काय आहे ते मोजू:

लॅपटॉपच्या झाकणाच्या कडेला चुंबक, नेमकं मनगट टेकतं तिथून तीन-चार सेंटीमीटरवर. टॅबलेटच्या घडीच्या कव्हरमध्ये चुंबकांची ओळ. फोनच्या पाठीत चार्जिंगसाठी चुंबकांचं कडं, आणि फोन रात्री कुठे असतो? घड्याळाशेजारी. हेडफोन, त्याची डबी, पिशवीचं बटण, ड्रॉवरचं कुलूप.

घाबरायचं कारण कमी, कारण चुंबकाच्या आकाराच्या मानाने दूर गेलं की क्षेत्र झपाट्याने घटतं. अंतर दुप्पट केलं की साधारण आठपट. एक सेंटीमीटरवर धोकादायक असलेली गोष्ट पाचवर निरुपद्रवी. पण ‘एक सेंटीमीटर’ हे रोजच्या वापरात सहज घडतं, आणि प्रत्येक वेळी लक्षात येत नाही.

स्प्रिंग ड्राइव्हचं थोडं वेगळं आहे. नेहमीच्या यांत्रिक घड्याळात बॅलन्स स्प्रिंगचे वेढे चुंबकित होऊन एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ दिवसाला काही मिनिटं पुढे धावतं. स्प्रिंग ड्राइव्हमध्ये ती स्प्रिंगच नाही. पण त्याचा ब्रेक विद्युतचुंबकीय आहे, त्यामुळे जोरदार क्षेत्रात चाल बिघडू शकते किंवा घड्याळ थांबू शकते.

घरगुती तपासणी: साधं होकायंत्र टेबलावर ठेवा, घड्याळ हळूहळू जवळ आणा, फिरवा. सुई घड्याळामागे फिरू लागली तर काहीतरी चुंबकित झालं आहे. फोनमधलं होकायंत्र यासाठी वापरू नका. त्याच फोनच्या पाठीत चुंबक असतो.

१७ एप्रिल

स्नोफ्लेक, चार दिवसांत +१ सेकंद. मोजण्यातली चूकच अर्ध्या सेकंदाची असू शकते, तेव्हा चार दिवसांच्या या आकड्यावरून काही म्हणू नये. महिनाभर मोजलं तरच अर्थ. वापरणाऱ्याच्या दृष्टीने एवढं पुरे: +५ वालं घड्याळ महिन्यात अडीच मिनिटं पुढे जाऊ शकतं, ±१५ सेकंदांचं तारीख दुरुस्त करायच्या दिवशी जुळवलं तरी चालतं.

रात्री कुठल्या कुशीवर ठेवलं याचा इथे फरक नाही. हा आराम मोजता येत नाही, पण जाणवतो.

सायंकाळी ७ ला काढून ठेवलं.

२० एप्रिल

६१ तासांनंतर स्नोफ्लेक चालू. डायलवरचा चावीचा काटा शेवटच्या खुणेजवळ. क्षमता ७२ तास. हा काटा डायलच्या खालच्या डाव्या बाजूला आहे आणि त्याने बर्फासारखी डायल बिघडते असं म्हणणारे बरेच आहेत. त्यांचं म्हणणं दिसण्यापुरतं मान्य. पण शुक्रवारी सायंकाळी ‘सोमवारपर्यंत पुरेल का’ याचं उत्तर देणारा तोच एक काटा आहे, आणि अ‍ॅक्वा टेरावर तो नाही.

२२ एप्रिल: अंधार, पाणी, ओरखडे

अंधार. अ‍ॅक्वा टेराच्या काट्यांवर आणि खुणांवर ल्यूम (अंधारात चमकणारा लेप) आहे. दोन मिनिटं टेबललॅम्पखाली धरून दिवा मालवला. पहाटे अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना वेळ वाचता आली. डायव्हिंगच्या घड्याळाएवढा उजेड नाही, पण काम भागतं. स्नोफ्लेकवर ल्यूम अजिबात नाही. काट्यांच्या कडा इतक्या धारदार घासलेल्या आहेत की दारातून येणारी उजेडाची रेघही त्या पकडतात, पण मिट्ट काळोखात काही उपयोग नाही. सिनेमागृह, रात्रीची बस, पहाटेचं विमान: इथे फोन काढावा लागतो.

पाणी. १५० मीटर विरुद्ध १०० मीटर. दोन्हींचा क्राउन स्क्रूचा. पोहण्याला १०० पुरेसे. आकड्यापेक्षा गॅस्केटचं (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याचं) वय महत्त्वाचं. गरम शॉवर आणि वाफ टाळा. उष्णतेने रबर आणि धातू वेगवेगळे प्रसरण पावतात, साबणाने गॅस्केटवरचं ग्रीस जातं. ओल्या हाताने क्राउन उघडू नका. ओल शिरली असेल असा संशय आला तर: घड्याळ ४० ते ४५ अंशांच्या तव्यासारख्या सपाट पृष्ठावर गरम करा (तापमान मोजून, अंदाजाने नव्हे), काचेवर साध्या पाण्याचा थेंब ठेवा, मिनिटभराने पुसा. काचेच्या आत धुकं राहिलं तर आत ओलावा आहे. त्याच दिवशी उघडून घ्या. वर्षातून एकदा प्रेशर टेस्ट.

ओरखडे. अ‍ॅक्वा टेराच्या पट्ट्याच्या मधल्या कड्या चकचकीत आहेत. टेबलाच्या कडेला पहिल्याच आठवड्यात केसासारख्या रेषा येणार. स्टीलवरच्या या रेषा सर्व्हिसिंगमध्ये पॉलिशने जातात, फक्त दर वेळी थोडा धातूही जातो. स्नोफ्लेकच्या केसवर (घड्याळाच्या धातूच्या डबीवर) झारात्सु पॉलिश: फिरत्या सपाट चकतीवर हाताने धरून काढलेली, आरशासारखी, न वाकणारी पातळी. ती कुठल्याही गल्लीतल्या बफिंगच्या चाकावर परत आणता येत नाही. बफ लावला की कडा गोल होतात आणि ज्याच्यासाठी पैसे मोजले तेच जातं. जुनं घेताना सगळ्यात आधी या कडा बघा: केस आणि शिंग जिथे भेटतात ती रेघ भिंगाखाली चाकूसारखी हवी.

२५ एप्रिल: सर्व्हिसिंग

किंमत धरताना खोक्यावरची नाही, पंधरा वर्षांची धरायची: खरेदी, अधिक ओव्हरहॉल (यंत्रणा पूर्ण उघडून साफसफाई आणि तेल) गुणिले वेळा, अधिक गॅस्केट आणि प्रेशर टेस्ट, वजा विकताना येईल ते. ग्रँड सेइको तीन ते चार वर्षांनी ओव्हरहॉल सुचवतं, ओमेगा पाच ते आठ वर्षांनी. पुस्तकाप्रमाणे गेलं तर पंधरा वर्षांत एकीकडे साधारण चार वेळा, दुसरीकडे दोन वेळा. पुष्कळ जण दोन्ही घड्याळं यापेक्षा जास्त ताणतात. ताणायचं असेल तर निदान गॅस्केट वेळेवर बदला, कारण सुकलेल्या तेलाने चाकं झिजतात, पण पाण्याने सगळंच गंजतं.

दुरुस्ती कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडे होईल ही आशा दोन्हींबाबत सोडा. ओमेगाच्या को-अ‍ॅक्सियल एस्केपमेंटला तेल किती आणि कुठे, हे शिकावं लागतं आणि सुटे भाग मोकळ्या बाजारात सहज येत नाहीत. स्प्रिंग ड्राइव्हमध्ये कॉइल आणि सर्किट आहे, तिथे तर प्रश्नच नाही. म्हणून अधिकृत केंद्र कुठे आहे आणि घड्याळ परदेशी पाठवतात की तिथेच उघडतात, हे खरेदीआधी विचारायचं.

१ मे: तारखेची दुरुस्ती

काल ३० तारीख, आज दोन्ही घड्याळांवर ३१. मुद्दाम वेळ लावून पाहिलं. स्नोफ्लेक: क्राउन उघडा, एक खेच, एक वळण, मिटवा. पंधरा सेकंद. पथ्य एकच, रात्री ९ ते १ च्या दरम्यान हे करायचं नाही. त्या वेळी तारखेची चाकं गुंतलेली असतात आणि दात मोडू शकतो. अ‍ॅक्वा टेरा: २४ टिचक्या, पण दिवसाच्या कुठल्याही वेळी आणि सेकंद न हलवता. वर्षात पाच महिने असे. साध्या वर्षाचा हिशेब: चार वेळा २४, फेब्रुवारीनंतर ७२, एकूण १६८. कपाटातल्या आठवड्याएवढ्याच.

३ मे: निर्णय

गुणांचा तक्ता आधी केला आणि मग टाकला. तक्त्यात स्नोफ्लेक जिंकत होतं: वजन, अचूकता, शनिवार-रविवार, तारीख. पण तक्ता सगळ्या ओळींना सारखं धरतो. स्नोफ्लेक जिथे पुढे आहे तिथे अ‍ॅक्वा टेराची उणीव दोन मिनिटांत भरून निघते: किल्ली द्या, टिचक्या मारा, महिन्यातून एकदा सेकंद जुळवा. स्नोफ्लेक जिथे मागे आहे तिथे वापरणाऱ्याच्या हातात काही नाही. ल्यूम नंतर घालता येत नाही. साठ गॉस वाढवता येत नाहीत. दर प्रवासात काटे थांबवून पुन्हा जुळवावेच लागतात.

त्यामुळे सुरुवातीला लिहिलेल्या अटींवर: अ‍ॅक्वा टेरा ४१.

अटी बदलल्या तर उत्तर उलटतं, आणि फार बदलावं लागत नाही. टेबलावर लॅपटॉप-टॅबलेट नसतील, प्रवास वर्षातून एखादाच असेल आणि मनगटाला जड वस्तू सहन होत नसेल, तर स्नोफ्लेक, दुसरा विचार न करता. चारमधल्या तीन दुपारी त्याचीच आठवण येणार आहे, हेही इथे नोंदवलेलं बरं.

६ मे: घेताना तपासलेलं

क्राउन उलट फिरवून आटा बसतो का. मिटल्यावर क्राउन आणि केसमधली फट सगळीकडे सारखी का. तासकाटा उडी मारून बरोबर खुणेवर थांबतो का, १२ वाजता मिनिटकाटा आणि तासकाटा एकावर एक येतात का. तारीख खिडकीच्या मधोमध आहे का. ही बाब मध्यरात्र ओलांडून बघा, नुसती आजची तारीख बघून नाही. मागच्या काचेतून आत एखादा बारीक तंतू किंवा धूळ दिसते का. कार्डावरचा आणि केसवरचा क्रमांक जुळतो का, वॉरंटीची तारीख भरली आहे का. काढलेल्या सगळ्या कड्या, पिना किंवा स्क्रू मोजून पुडीत. एक कडी कमी निघाली ती दुकानाच्या ट्रेमध्ये सापडली.

पट्टा दुपारी अडीच वाजता बसवून घेतला. ६ च्या बाजूची कडी जास्त निघाली, एक अर्धी बसली. पुढची नोंद १ जुलैला: ३१ ची दुरुस्ती, होकायंत्र आणि तोवरचा एकूण फरक सेकंदांत.